वेल्श स्ट्रीट्सचा वाद : रिक्तता, पाडकाम आणि वारसा

लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ भागातील ‘वेल्श स्ट्रीट्स’ ही वसाहत १८७० च्या दशकात वेल्सहून आलेल्या कारागिरांनी उभारली. तिचे आराखडे वेल्श वास्तुविशारद रिचर्ड ओवेन्स यांचे होते. ही ‘टेरेस’ घरे होत. येथे टेरेस म्हणजे गच्ची नव्हे, तर सामायिक भिंतींनी जोडलेली घरांची सलग रांग.

२००२ साली ब्रिटिश शासनाने ‘पाथफाइंडर’ योजना आणली. मागणी घटलेली जुनी घरे पाडून नवी बांधावीत, हे तिचे मुख्य सूत्र. रहिवाशांत मात्र एकमत नव्हते. ओल व दुरवस्थेला कंटाळलेल्या अनेकांना नवे घर हवे होते, तर इतरांना दुरुस्ती पुरेशी वाटत होती. त्यामुळे हा वाद ‘जनता विरुद्ध शासन’ असा मांडणे इतिहासाला धरून होणार नाही. निर्णायक बाब निराळी आहे. पाडकामाच्या अपेक्षेने घरे रिकामी करून त्यांची दारे-खिडक्या बंद करण्यात आल्या आणि याच रिक्ततेतून आलेली अवकळा पुढे पाडकामाचे समर्थन ठरली. बीटल्सचे रिंगो स्टार ९, मॅड्रिन स्ट्रीट येथे जन्मले, म्हणून त्या घराला प्रसिद्धी लाभली. वारसा मात्र एका घराचा नव्हे, संपूर्ण रांगेचा होता.

योजना २०११ मध्ये बंद झाली. महापालिकेने पाडकामाचा आग्रह सोडला नाही. २०१४ च्या सार्वजनिक चौकशीनंतर जानेवारी २०१५ मध्ये मंत्री एरिक पिकल्स यांनी प्रस्ताव फेटाळला. पुढे ‘प्लेसफर्स्ट’ या कंपनीने घरे दुरुस्त करून भाड्याने देण्यास प्रारंभ केला. तोपर्यंत मूळ रहिवाशांपैकी बहुतेक अन्यत्र गेले होते.