इंडक्शन शेगडीची माहितीपुस्तिका कशी वाचायची?

इंडक्शन शेगडीचा इतिहास म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘शोध कोणी लावला?’ माझीही सुरुवात तिथूनच झाली. मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवलं, हे लगेच सापडतं. पण मग ही शेगडी घराघरांत पोचायला दीडशेच्या आसपास वर्षं का लागली? हा प्रश्न जास्त कामाचा, कारण त्याचं उत्तर एका नावात संपत नाही.

यासाठी हाताशी एक साधन आहे. शेगडीबरोबर मिळणारी आणि आपण न वाचताच खोक्यात ठेवून देतो ती माहितीपुस्तिका. तिच्यातल्या तीनच सूचना बघू.

‘पंखा थांबेपर्यंत मेन बटण बंद करू नका, हवेची जाळी मोकळी ठेवा.’ आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची असते. शेगडी ती वीस हजारांच्या पुढे नेते आणि हे काम करणारे इलेक्ट्रॉनिक भाग तापतात. 1950 च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागाने शेगडी आणि भांडं यांच्यामध्ये वर्तमानपत्र ठेवून पाणी उकळून दाखवलं. कागद जळला नाही, पण शेगडी बाजारातही आली नाही. तत्त्व होतं, स्वस्त, टिकाऊ भाग यायचे होते.

‘काच गार झाल्यावरच ओल्या फडक्याने पुसा.’ वेस्टिंगहाऊसने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेल्या शेगडीचं नाव होतं ‘कूल टॉप’. काच विजेने तापत नाही हे खरं. पण तापलेलं भांडं काचेला तापवतंच. जाहिरात आणि पुस्तिका एकाच वस्तूबद्दल वेगळं बोलतात. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचायच्या.

‘चुंबक चिकटेल असं सपाट बुडाचं भांडं वापरा.’ माझ्या मते सगळ्यात मोठा इतिहास इथे आहे. वेस्टिंगहाऊसच्या त्या शेगडीच्या 1,500 डॉलर किमतीत भांड्यांचा संचही होता. म्हणजे नुसती शेगडी विकून भागणार नाही, हे कंपनीला ठाऊक होतं. आपल्याकडे 1898 मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली. पुढे हीच हलकी, स्वस्त भांडी, गावाकडची ‘जर्मल’ची पातेली, असंख्य घरांत गेली. घरगुती इंडक्शनवर ती चालत नाहीत. तांब्या-पितळेचीही नाहीत. स्टीलचंसुद्धा प्रत्येक भांडं चालेलच असं नाही.

म्हणून इंधनबदलाचा अभ्यास करताना नुसती शेगडीची किंमत धरली आणि कुकर, कढई, तवा नव्याने घ्यायचा खर्च सोडला, तर ‘परवडते’ हा निष्कर्ष ज्या घरात सगळी भांडी जर्मलची आहेत तिथे खोटा ठरतो.

एक सावधगिरी मात्र हवी. पुस्तिका सांगते ते ‘काय करावं’. लोक काय करतात, ते ती सांगत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरात जाऊन विचारावं लागतं. पहिला प्रश्न शेगडीचा नको. ‘जुनी भांडी कुठे गेली?’ असं विचारून बघा.