एस्टेला सॉलोमन्स यांची नष्ट केलेली व्यक्तिचित्रे

सायखेड्यातील आमच्यासारख्यांच्या वर्गात आयर्लंडचा विषय निघतो तो बहुधा टिळकांच्या निमित्ताने. ‘होमरूल’ हा शब्दच मुळी आयरिश राजकारणातून आलेला. 24 एप्रिल 1916 रोजी डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव सुरू झाला आणि त्याच आठवड्यात, 28 एप्रिलला, बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. हा योगायोग विद्यार्थ्यांच्या ध्यानात राहतो. मात्र त्याच डब्लिनमधील एका चित्रकर्तीचे नाव आपल्याकडे क्वचितच घेतले जाते.

एस्टेला सॉलोमन्स (1882–1968) डब्लिनच्या प्रतिष्ठित ज्यू घराण्यातील. वडिलांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. जॉइसच्या ‘युलिसिस’च्या वाचकांना त्यांचे नाव तेथे भेटते. विल्यम ऑर्पेन हे एस्टेलांचे एक शिक्षक. 1906 साली रेम्ब्रांच्या त्रिशताब्दीनिमित्त भरलेले प्रदर्शन पाहण्यासाठी त्या ॲम्स्टरडॅमला गेल्या. माणसाच्या चेहऱ्यावरच सारे लक्ष एकवटण्याची त्यांची ओढ तेथूनच दृढ झाली असावी, असे आम्हांस वाटते.

पुढे त्या ‘कुमन ना मान’ या राष्ट्रवादी स्त्रियांच्या संघटनेत दाखल झाल्या. ग्रेट ब्रन्सविक स्ट्रीटवरील त्यांचा स्टुडिओ स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात (1919–21) भूमिगत क्रांतिकारकांचा आसरा बनला. चित्रकर्तीच्या दारी माणसांची ये-जा असणारच. त्यात संशय तो काय घ्यायचा? आसऱ्यास आलेल्यांची व्यक्तिचित्रे त्या काढीत. त्यांतील काही मात्र त्यांना स्वतःच नष्ट करावी लागली. झडतीत ती सापडली असती तर पोलिसांना आयतीच ओळख पटली असती.

आमच्या मते खरी मेख येथेच आहे. व्यक्तिचित्राचे यश साम्यात, आणि साम्य जितके नेमके तितके ते चित्र त्या माणसाच्या जिवावर उठणारे. म्हणजे साधलेले चित्रच आधी नाहीसे करणे भाग! उरलेल्या कॅनव्हासांवरून या चित्रकर्तीची योग्यता ठरविणाऱ्या समीक्षकाने एवढे तरी ध्यानी ठेवावे.

याउलट सारा पर्सर यांनी रंगविलेले रॉजर केसमेंट यांचे व्यक्तिचित्र डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात सुरक्षित आहे. केसमेंट 1911 साली ‘सर’ झाले होते, 3 ऑगस्ट 1916 रोजी फासावर गेले. त्यांचा चेहरा साऱ्या जगाला ठाऊक होता; लपवायचे काय?

नाशिकच्या वाचकाला येथे 1909 आठवेल. जॅक्सनवधाच्या खटल्यात कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्यात फाशी झाली. पकडले गेलेल्यांचे कागद सरकारने जपले. न पकडले गेलेल्यांच्या खुणा त्यांच्या हितचिंतकांनाच पुसाव्या लागतात. आपल्याकडील क्रांतिपर्वाचे चरित्रवाङ्मय शिकवताना ही पोकळी आम्हांला वारंवार जाणवते.

एस्टेलांनी पुढे कवी व ‘डब्लिन मॅगझिन’चे संपादक शेमस ओ’सलिव्हन यांच्याशी विवाह केला आणि अनेक लेखकांची व्यक्तिचित्रे काढली. ग्रेट ब्रन्सविक स्ट्रीटला आता पिअर्स स्ट्रीट म्हणतात. उठावाचे नेते पॅट्रिक पिअर्स त्याच रस्त्यावर जन्मले होते.