शस्त्रागाराची किल्ली

राष्ट्राचे रक्षण पगारी सैन्याने करावे की स्वतः प्रजेने, हा वाद राजनीतिशास्त्राइतकाच जुना आहे. समाजवादी युगोस्लाव्हियाने त्यास दिलेले उत्तर व त्याचा झालेला शेवट, हे दोन्ही आमच्या मते विचारी वाचकांनी लक्षात घेण्याजोगे आहेत.

इ. स. १९६८ च्या ऑगस्टात सोव्हिएत रशियाच्या व त्याच्या दोस्तांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या. उद्या हाच प्रसंग आपल्यावर, अशी धास्ती मार्शल टिटो यांच्या सरकारास पडली. १९४१ ते १९४५ या काळात जर्मनांशी गनिमी काव्याने झुंजलेल्या त्या लोकांस मार्ग सुचण्यास वेळ लागला नाही. १९६९ साली कायदा होऊन संघराज्याच्या खड्या फौजेच्या जोडीस 'प्रादेशिक संरक्षण दल' उभे राहिले. सहाही घटकराज्यांची दले निरनिराळी. शेतकरी, कामगार, कारकून हेच त्यांचे शिपाई. आणि शस्त्रे गावोगावच्या व कारखान्यांच्या कोठारांत! १९७४ च्या राज्यघटनेने तर शरणागतीच्या पत्रावर सही करण्याचा अधिकार कोणासही ठेविला नाही.

परचक्र कधी आलेच नाही. १९८० साली टिटो निवर्तले व घटकराज्यांतील परस्पर विश्वास आटत गेला. १९९० च्या मे महिन्यात संघराज्याच्या फौजेने या दलांची शस्त्रे आपल्या कोठारांत जमा करण्याचा हुकूम सोडिला. क्रोएशियाची शस्त्रे बहुतांशी गेली. स्लोव्हेनियात मात्र काही गावांनी ती देण्याचे नाकारिले. २५ जून १९९१ रोजी या दोन्ही राज्यांनी स्वातंत्र्य पुकारिले. स्लोव्हेनियातील लढाई दहा दिवसांत मिटली. क्रोएशियातील १९९५ पर्यंत चालली. बोस्नियात १९९२ साली, एकाच दलात कवाईत शिकलेले शेजारी एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले.

प्रजेस सशस्त्र केले हीच मूळची चूक, असे कोणी म्हणतील. आम्हांस ते पटत नाही. शस्त्रे काढून घेतल्याने तरी युद्ध कोठे टळले? गावच्या कोठाराची किल्ली गावकऱ्यांच्या हाती ठेवणारे राज्य त्यांच्यावर भरवसा टाकीत असते, आणि त्या भरवशावरच वीस वर्षे ही व्यवस्था चालली. ज्या दिवशी ती किल्ली परत मागण्याची पाळी आली, त्याच दिवशी ते संघराज्य आतून मोडले होते. स्वातंत्र्याच्या घोषणा पुढे वर्षभराने झाल्या, इतकेच.