लालपेठच्या शिळा कोणासाठी?

चंद्रपूरच्या लालपेठ भागात प्रचंड देवमूर्तींचा एक समूह उघड्यावर आहे. प्रत्येक मूर्ती एकेका अखंड शिळेत कोरलेली. त्यांत शिवलिंग आहे, गणपती आहे, नंदी आहे, आणि सगळ्यांवर ताण करणारी दहा तोंडांची दुर्गा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटिअरांत सर्वांत मोठ्या शिळेचे माप २६ फूट लांब, १८ फूट रुंद आणि ३ फूट जाड असे दिले आहे. हिशेब केला तर ही शिळा १,४०० घनफुटांच्या वर, म्हणजे जवळपास ४० घनमीटर भरते. दगडाच्या जातीप्रमाणे घनमीटरला सव्वादोन ते पावणेतीन टन धरले, तर अखंड ठोकळ्याचे वजन ९० ते ११० टनांच्या घरात जाते. कोरून काढलेला भाग वजा केला तरी आकडा फार खाली येत नाही. या समूहाला गावात ‘अपूर्ण देवालय’ म्हणतात.

एवढे काम कोणी केले आणि का केले? ‘कोणी’ला परंपरेने एक नाव दिले आहे. ‘का’चे उत्तर देणारा कागद नाही. तरीही आजूबाजूचे पुरावे एकेक करून तपासले, तर घडवणाऱ्याच्या मनाजवळ किती जाता येते हे पाहण्यासारखे आहे.

आधी परंपरा. १९०८च्या इंपीरिअल गॅझेटिअरात चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, शहराच्या नोंदीत या मूर्ती एका मोठ्या देवळासाठी तयार केलेल्या दिसतात असे म्हटले आहे. रायप्पा नावाच्या कोमट्याने त्या करवल्या, देऊळ उभे राहण्याआधीच तो वारला आणि मूर्ती जागच्या जागी राहिल्या, अशी तिथे दिलेली हकीकत. ही गोष्ट गोंड राजवटीत, बहुधा सोळाव्या-सतराव्या शतकात घालतात. काहीजण तो काळ गोंड राजा धुंड्या रामशहाचा मानतात. म्हणजे घटना आणि छापील नोंद यांत दोन-तीनशे वर्षांचे अंतर आहे. गोंड राजांच्या ज्या हकीकतींवर पुढचे लेखक विसंबले, त्या मेजर ल्युसी-स्मिथने १८६९च्या चांदा जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालात एकत्र केल्या. तो महसुली अधिकारी होता आणि लोकांकडून ऐकलेले लिहीत होता.

दोन-तीनशे वर्षे तोंडी राहिलेल्या गोष्टीवर किती भरवसा ठेवायचा? तिच्या बाजूने एक मुद्दा आहे. रायप्पा हे नाव तेलुगू वळणाचे, कोमटी ही तेलुगू व्यापारी जात, आणि चांद्याची दक्षिण सीमा तेलुगू मुलखाला भिडलेली. गोष्ट नुसतीच रचायची असती तर लोकांनी ती एखाद्या गोंड राजाच्या खात्यावर टाकली असती. राजाला बाजूला ठेवून परभाषिक व्यापाऱ्याचे नाव टिकले, यात खऱ्या आठवणीचा अंश असावा असे मला वाटते. विरुद्ध बाजूचा मुद्दाही याच मुलखातला आहे. वैनगंगेकाठच्या मार्कंड्याची मंदिरे लोक हेमाडपंताची मानत. हेमाडपंत यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७३-७४च्या दौऱ्यात ती मंदिरे पाहिली आणि शैलीवरून त्यांचा काळ दहावे-अकरावे शतक धरला. एका मोठ्या कामाला इथल्या आठवणीने चुकीचा कर्ता दिला असेल, तर दुसऱ्यालाही दिला असेल. म्हणून रायप्पा शक्य आहे, संभाव्यही आहे, सिद्ध नाही.

समकालीन लेखनात काही सापडते का? सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फझलने वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याच्या गोंड राजाची दखल घेतली आहे. राजाचे नाव तो बाबजी असे देतो. हाच बाबाजी बल्लाळशहा असे मानले जाते. एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ हे त्याचे बळ. वैरागडची हिऱ्याची खाण नोंदली आहे, तिथे विणल्या जाणाऱ्या नक्षीदार कापडाचा उल्लेख आहे, रानहत्तीही आहेत. मूर्तींचा शब्द नाही. पण हे मौन कुठल्याच बाजूने वापरता येत नाही. अबुल फझल वसूल आणि सैन्य मोजत होता, आणि धुंड्या रामशहा तर बाबाजीनंतरचा. माझ्या कामाची त्यातली एकच गोष्ट आहे: वैरागडचे नक्षीदार कापड मुघलांच्या दफ्तरात नोंदवण्याजोगे होते. या जंगलमुलखात हातांचे कसब होते आणि त्याला दूरवर नाव होते.

दगडात काम करणारे हात त्या काळात चांद्यात होते का, याला मात्र ठोस साक्ष आहे, ती शहराच्या कोटाची. परंपरेप्रमाणे गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने कोट सुरू केला आणि धुंड्या रामशहाच्या वेळी तो पुरा झाला. चार दरवाजे, पाच खिडक्या आणि घडीव दगडाचा तट आजही बऱ्याच प्रमाणात उभा आहे. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या या कामावर पाथरवटांची वस्ती पोसली गेली असणार. हा तर्क आहे, पण पाया पक्का असलेला. वेशींवर गोंडांचे राजचिन्ह आहे, हत्तीवर मात करणारा सिंह. ते पुन्हा पुन्हा येते आणि जवळजवळ ठरल्या साच्यात येते. राजाने सांगितलेले, मोबदला दिलेले आणि सांगितले तसे केलेले हे काम. लालपेठच्या दुर्गेकडे वळताना हा साचा लक्षात ठेवायला हवा.

घडवणाऱ्याचे नाव नोंदीत का येत नाही हे पाहण्यासाठी आता काळात बरेच मागे जाऊ. भद्रावतीला, म्हणजे जुन्या भांदकला, राष्ट्रकूट कृष्णराज पहिला याचा ताम्रपट मिळाला. विष्णु सीताराम सुखठणकरांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केला. शक ६९४, म्हणजे इ.स. ७७२. एका सूर्यमंदिराला गाव दान दिल्याचा हा लेख आहे. दान देणारा, त्याची वंशावळ, गाव, सीमा, देव, सगळे त्यात आहे. मंदिर बांधणारा आणि मूर्ती घडवणारा नाही. हा दोष त्या लेखकाचा नाही. ताम्रपट हा जमिनीच्या हक्काचा दस्तऐवज होता. ज्याला जमीन मिळाली नाही त्याचे नाव त्यात येण्याचे कारण नव्हते. इतिहासात कलावंत दिसत नाही याचे मोठे कारण हेच आहे: लिहून ठेवण्याची गरज ज्यांना पडली, त्यांचा विषय कलावंत नव्हता. कर्नाटकात होयसळांच्या काळी मल्लितम्मासारखा शिल्पकार मूर्तीखाली आपले नाव कोरून ठेवतो, म्हणून तो आपल्याला भेटतो.

पण याच कृष्णराजाच्या नावाशी जोडलेला आणखी एक ताम्रपट आहे आणि तो वाचताना पुराव्यांची सवय असलेला माणूसही क्षणभर थांबतो. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेच्या कर्क राजाचा हा बडोद्याचा ताम्रपट शक ७३४चा, म्हणजे इ.स. ८१२-१३चा. त्यात कृष्णराजाने एलापूर येथे करवलेल्या शिवमंदिराची स्तुती आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८३ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त या मजकुराचा अर्थ उलगडला आणि ते मंदिर म्हणजे वेरूळचे कैलास हे दाखवले. स्तुतीचा पहिला भाग ठरीव आहे: विमानांतून जाणारे देव मंदिर पाहून चकित होतात आणि हे माणसाचे काम नव्हे असे म्हणतात. मग कवी एकाएकी घडवणाऱ्याकडे वळतो. ज्याने हे घडवले तोही पाहून थक्क झाला, हे माझ्या हातून झाले तरी कसे असे त्याला वाटले, आणि असे दुसरे काम करण्याची उमेद त्याला राहिली नाही, असा त्या ओळींचा आशय आहे.

याला साक्ष म्हणून किती वजन द्यायचे? बोलणारा शिल्पी नाही, दरबारी कवी आहे. भांदकचा पट आणि हा पट यांत चाळीस वर्षे आहेत. कवीने त्या शिल्प्याला पाहिले होते असे मानायला आधार नाही. अतिशयोक्ती हा त्याचा धंदाच होता. तरी एक गोष्ट उरते. राजाची स्तुती करायला देवांचा विस्मय पुरेसा होता. शिल्प्याला काय वाटले हे सांगण्याची कवीला गरज नव्हती, तरी त्याने ते सांगितले. मोठे काम करणाऱ्याला स्वतःच्या कामाबद्दल मजुरीपलीकडे काही वाटते, ही गोष्ट नवव्या शतकातल्या ऐकणाऱ्यांना पटणारी होती, एवढे यातून निश्चित निघते. त्या शिल्प्याचे मन त्यातून निघत नाही.

मार्कंड्याला परत यायला हवे, कारण तिथे एक फार लहान लेख आहे: ‘मगरध्वज जोगी ७००’. हाच लेख मध्य भारतात अनेक ठिकाणच्या मंदिरांवर मिळतो. ७०० म्हणजे बरोबरचे शिष्य की एखादे वर्ष, यावर अभ्यासकांचे तर्क आहेत. हा जोगी मूर्तिकार नव्हता, यात्रेकरू होता. पण माणूस दगडावर खूण का करतो याचा जंगलातला सर्वांत उघडा पुरावा तोच देतो. त्याला कोणी सांगितले नव्हते, दाम मिळणार नव्हते. आपण इथे येऊन गेलो हे त्याला राहायला हवे होते.

हेतू स्पष्टपणे नोंदला गेला आहे असे एक उदाहरण याच वनपट्ट्याच्या पूर्वेला, बस्तरमध्ये आहे. व्हेरिअर एल्विनने १९४७च्या ‘द मुरिया अँड देअर घोटुल’मध्ये लिहिले आहे की मुरिया आदिवासींच्या घोटुलमधली, म्हणजे अविवाहितांच्या युवागृहातली, तरुण मुले मुलींना देण्यासाठी लाकडी फण्या कोरतात. १९५१च्या ‘द ट्रायबल आर्ट ऑफ मिडल इंडिया’त त्याने या सगळ्या पट्ट्यातल्या कोरीव आणि रंगीत कामाचा पसारा मांडला. इथे घडवणारा कोण, कोणासाठी घडवतो आणि बदल्यात काय अपेक्षितो, हे पाहणाऱ्याने समोर बसून टिपले. फणीला केस विंचरण्यापुरते दात पुरतात. वरची नक्षी त्या मुलीसाठी असते. एल्विनची साक्ष मुरियांची आहे, भामरागड-एटापल्लीच्या माडियांना ती जशीच्या तशी लावता येणार नाही, आणि चारशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाला तर नाहीच. पण तिच्यातून एक कसोटी हाती येते: वस्तूच्या कामाला जेवढे पुरते त्याहून जास्त जे केलेले असते, तिथे घडवणाऱ्याचा हेतू शोधावा.

ही कसोटी लालपेठच्या शिळेला लावून पाहू. देवळासाठी दुर्गा हवी असेल तर किती मोठी पुरते? या परिसरातल्या जुन्या दगडी मंदिरांच्या गर्भगृहांचे दरवाजे माणूस वाकून किंवा जेमतेम ताठ आत जाईल एवढे असतात. १८ फूट रुंदीची शिळा अशा कुठल्याही दारातून जाणार नाही. मग तीन शक्यता उरतात. मूर्ती आधी उभ्या करून देऊळ त्यांच्याभोवती बांधायचे ठरले असेल. किंवा मूर्ती उघड्यावरच, मोकळ्या पटांगणात मांडायच्या असतील. तिसरी शक्यता जरा अस्वस्थ करणारी आहे: देवळाची योजना कधी नव्हतीच, पाहणाऱ्यांना एवढ्या मूर्तींचे दुसरे कारण सुचेना, म्हणून त्यांनी देऊळ कल्पिले आणि ते दिसत नाही म्हणून कर्त्याला अकाली मरण दिले. तसे असेल तर ‘अपूर्ण’ हा शब्दही पुराव्याचा नाही, समजुतीचा आहे.

माझा कल पहिल्या दोन शक्यतांकडे आहे. मूर्तींचा जो संच दिसतो, लिंग, नंदी, गणपती, देवी, तो शिवाच्या परिवाराला धरून आहे, आणि असा संच मनात योजना असल्याशिवाय जमत नाही. योजना रायप्पाची असू शकते. दाम त्याचे असू शकतात. आकाराचा निर्णय मात्र त्याला एकट्याला घेता आला नसता. व्यापारी म्हणेल, सर्वांत मोठी करा. शंभर टनांच्या शिळेकडे पाहून कुठे भेग आहे, कुठे थर सुटेल, दहावे तोंड कडेला न तुटता बसेल का, हे ओळखून ‘होईल’ म्हणणारा माणूस टाकी धरणाराच असणार. तो नाही म्हणाला असता तर दुर्गा आठ फुटांची झाली असती आणि कुठल्याही देवळात निमूट बसली असती. वेशीवरच्या सिंहासारखा साचा इथे नव्हता. शिळा किती मोठी घ्यायची, या निर्णयात त्या अनामिक माणसाचा हेतू आपल्यापर्यंत पोचला आहे, असे मी मानतो. तो भक्ती होता, ईर्ष्या होती, की आपल्याला जमते का हे पाहण्याची ओढ होती, हे तीन धागे आज सुटे करता येत नाहीत.

पुढचा पुरावा कुठे मिळेल हे मात्र सांगता येते. एक तर शिळांवरच. कुठे टाकीचे खडबडीत घाव राहिले आहेत आणि कुठे पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केला आहे, याचा मूर्तीनिहाय नकाशा केला तर काम कुठल्या क्रमाने चालले होते आणि ते खरोखर मध्येच थांबले का, हे ठरू शकेल. उन्हापावसात उघड्या असलेल्या दगडावर हे घाव कायम टिकणार नाहीत. दुसरा पुरावा घराघरांत असू शकतो. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वैरागड, चामोर्शी या भागांतल्या जुन्या व्यापारी, देशमुख किंवा पुजारी घराण्यांत मोडी वा तेलुगू कागदांची बोचकी अजून असतील. त्यांत पाथरवटाला दिलेल्या धान्याची एखादी नोंद, एखादे नाव, दगड ओढायला लावलेल्या बैलांचा एखादा आकडा सापडला तरी रायप्पाची गोष्ट परंपरेतून इतिहासात येईल किंवा कायमची बाहेर जाईल. असे कागद ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत. एखाद्या मोडीवाचकाला किंवा जवळच्या इतिहास संशोधन मंडळाला एकदा दाखवावेत.