लाँग एक्स्पोजर छायाचित्रण, रेल्वेमार्गांचे

सूर्यास्तानंतरच्या संधिप्रकाशात कॅमेऱ्याचे शटर काही सेकंद उघडे ठेवून रेल्वेमार्गाची छायाचित्रे घेण्याचे तंत्र. सूर्य क्षितिजाखाली ४ ते ६ अंश असताना आकाश गडद निळे दिसते व चाकांनी गुळगुळीत झालेल्या रुळांच्या माथ्यावर त्याची निळाई चमकते. कॅमेरा तिपाईवर बसवून साधारणतः आयएसओ १००, छिद्र एफ/८ व एक्स्पोजर ५ ते ३० सेकंद ठेवतात. हादरा टाळण्यासाठी टायमर वापरतात. ताशी ७२ किमी. वेगाची गाडी १० सेकंदांत २०० मी. अंतर कापते, त्यामुळे डबे पुसट होऊन दिव्यांच्या सलग रेषा उमटतात, रूळ व खांब मात्र रेखीव राहतात. रुळांवर उतरणे जीवघेणे असून भारतात रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार दंडनीय आहे. रस्त्याचा सार्वजनिक उड्डाणपूल ही त्यापेक्षा सुरक्षित जागा होय.