सही कुणाची, जबाबदारी कुणाची

सरकारी रुग्णालयात बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी मूल येतं, तेव्हा त्याचा बुद्ध्यंक मोजून सही आम्ही करतो, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्या सहीवर मुलाची शाळा आणि सवलती ठरतात. ती करायचा हक्क कुणाला, हे कायद्यानं ठरायला मात्र आपल्याकडे फार उशीर झाला.

आधी चाचण्या आल्या. व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकात बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. 'बिने-कामत' आजही वापरात आहे. चाचणी घेणारी माणसं घडवायला सुरुवात झाली ती १९५५ साली, बंगळुरूच्या ज्या संस्थेला आज आपण निम्हान्स म्हणतो तिथे. पुढे रांचीतही असं शिक्षण सुरू झालं. पण अशा माणसांची कायद्यानं ठेवलेली नोंदवही नव्हती.

ती आणली १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानं. मान्य पात्रता आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय सरकारी किंवा स्थानिक संस्थेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद सांभाळता येत नाही, प्रमाणपत्रावर सही करता येत नाही, कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्षही देता येत नाही. मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आमची व्याख्या करताना दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.मध्ये देखरेखीखालचं प्रशिक्षण असलंच पाहिजे, असं लिहिलं.

देखरेख म्हणजे काय, ते मी शिकाऊ असताना सेग्वां फॉर्म बोर्डावर पाहिलं. लाकडी फळीवर दहा खाचा आणि दहा ठोकळे. मुलानं ते तीनदा बसवायचे, आपण स्टॉपवॉच धरायचं, सगळ्यात कमी वेळ हिशेबात घ्यायचा. मी घड्याळ सुरू करणार, तेवढ्यात आमच्या मॅडम मुलाच्या आईला विचारायच्या, "ताई, गावाहून कधी निघालात? यानं काही खाल्लंय का?" पहाटेच्या एस.टी.नं आलेलं मूल असेल तर आधी बिस्किटं, मग चाचणी. दुपारी माझा अहवाल त्या ओळीन् ओळ वाचायच्या. घरी कुठली भाषा बोलतात, ते लिहिलेलं नसलं की कागद परत यायचा. भुकेनं मंदावलेला हात आणि अक्षमता यांतला फरक कुठल्याच तक्त्यात छापलेला नसतो.

परवाना कागदावर मिळतो. देखरेख रोज लागते. नोंदवहीत नाव आलं म्हणजे माणूस तयार झाला, असं मानून नव्या मुलामुलींना जिल्हा रुग्णालयात एकटं बसवू नका. प्रत्येक नव्या सायकॉलॉजिस्टमागे एक अनुभवी माणूस द्या, आणि अहवाल वाचायला त्याला ड्युटीतलाच वेळ द्या. चुकलेल्या आकड्याची किंमत ते मूल मोजतं.