रेम्ब्रांटने गर्दी पुसली

आपण व्हर्जन २.० काढतो तेव्हा फीचर्स वाढवतो. रेम्ब्रांटने १६५५ मध्ये उलटं केलं. चित्रातली अख्खी गर्दीच काढून टाकली!

प्रसंग बायबलमधला. रोमन सुभेदार पिलात येशू आणि बरब्बा या दोन कैद्यांना लोकांसमोर उभं करून विचारतो, कुणाला सोडू? लोक बरब्बाला वाचवतात, येशूला क्रूस मिळतो.

हे चित्र ड्रायपॉइंटचं. तांब्याच्या पत्र्यावर सुईने थेट ओरखडे काढायचे. ओरखड्याच्या कडेला धातूची बारीक कुसळं उभी राहतात, शाई तिथे धरते. पण छापता छापता ती झिजतात, मग पत्रा दुरुस्त करावा लागतो. या पत्र्याच्या एकूण आठ अवस्था आहेत. (आणि अन-डू नाही हं. खरवडलं की गेलं.)

पहिल्या अवस्थांमध्ये चौथऱ्याखाली माणसांची दाटी आहे. मागची इमारत मात्र जेरुसलेमपेक्षा डच नगरभवनासारखी जास्त दिसते. भिंतीवर चक्क न्यायदेवतेचा पुतळा, डोळ्यांवर पट्टी बांधलेला!

आता योगायोग बघा. त्याच १६५५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या नव्या नगरभवनाचं उद्घाटन झालं. तिथे मृत्युदंड जाहीरपणे सुनावला जाई आणि अंमलबजावणी समोरच्या चौकात, लोकांदेखत होई. पण शहर चालवायचे ४ महापौर आणि ३६ जणांचं मंडळ. हे सभासद तहहयात, नवे निवडायचे तेही त्यांनीच. म्हणजे जनतेने फक्त बघायचं. पिलात निदान विचारतो तरी!

शेवटच्या अवस्थांमध्ये रेम्ब्रांटने समोरची गर्दी खरवडली आणि त्या जागी दोन काळ्याकुट्ट कमानी कोरल्या. पत्रा झिजला होता हे कारण असेलच. पण नुसती दुरुस्तीच करायची, तर तीच माणसं पुन्हा कोरता आली असती. म्हणून मला वाटतं, हा बदल जाणूनबुजून केलेला आहे. मधली माणसं गेल्यावर पिलातासमोर उरतो तो चित्र बघणारा. निकालात आपला वाटा किती, हा प्रश्न थेट त्यालाच.

रेम्ब्रांटच्या मनात नेमकं हेच राजकारण होतं का, याचा लेखी पुरावा नाही. पण दोन्ही अवस्था नेटवर शेजारी शेजारी उघडून बघाच. दुसरीसमोर नुसतं प्रेक्षक म्हणून उभं राहणं मला तरी जमलं नाही.